बंदुकांविना उड्डाण

गोव्यातल्या चिखलीतील आमच्या घरी दाबोळी विमानतळावरच्या विमानांचा आवाज रात्रीही येतो आणि त्याच सोबतीने मी संगणकातल्या उड्डाण-सिम्युलेटरवर दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर पीआर ११ हे छायाचित्र-टेहळणीचे ब्रिटिश विमान उडवतो. त्यात बंदुका नाहीत. पंखांच्या पुढच्या कडेत जादा इंधन, धडात कॅमेरे, आणि बचावाला केवळ उंची व वेग. शत्रूचे विमान पाडण्यापेक्षा हे काम मला अधिक धैर्याचे वाटते. लक्ष्यावर सुमारे ३०,००० फुटांवरून पंख जराही न कलता सरळ जावे लागते, कारण लागोपाठच्या छायाचित्रांत साधारण ६० टक्के भाग सामाईक असला, तरच स्टिरिओस्कोपखाली (दोन छायाचित्रे एकत्र पाहून खोली दाखवणाऱ्या उपकरणाखाली) इमारतींची उंची उठून दिसते. काल शेपटीमागे शत्रूला माग दाखवणारी बाष्पाची पांढरी रेघ उमटू लागताच मी खाली आलो आणि छायाचित्रांची सगळी ओळ पहिल्यापासून पुन्हा टिपली.