जुनं जहाज आणि अक्कांचा गुडघा

आमच्या बुकिंगच्या फॉर्मवर एक रकाना असतो: 'चालण्यास अडचण आहे का? हो / नाही'. आमच्या धंद्यातला सगळ्यात निरुपयोगी रकाना तो हाच, असं माझं ठाम मत आहे. चालणं म्हणजे कुठलं चालणं? नव्या पेठेत खरेदीला जाणं, सिद्धेश्वर तलावाला फेरी मारणं, की हलत्या जहाजातून हलत्या लाँचमध्ये उतरणं? आमच्या ग्रीसच्या क्रूझला आलेल्या अक्कांच्या मुलानं 'नाही'वर खूण केली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं. अक्का रोज सकाळी तलावाला फेरी मारत होत्या, तीही खास या प्रवासाची तयारी म्हणून.

सोलापुरात माझं लहानसं ट्रॅव्हल ऑफिस आहे. काशी, चारधाम, अंदमान, दुबई ही नेहमीची कामं. गेल्या वर्षी ऑगस्टअखेरीस वीसेक जणांचा ग्रुप घेऊन ग्रीसला गेले. आधी अथेन्स, मग एजियन समुद्रातली चार रात्रींची क्रूझ. जहाज नव्वदच्या दशकात बांधलेलं, आजच्या मानानं लहान. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे घडलं त्यात जहाजाचा दोष नव्हता, कंपनीचाही नव्हता.

जहाज जुनं आहे हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. आमच्या धंद्यातले बरेच जण ते सांगत नाहीत. 'नुकतंच नूतनीकरण झालंय' म्हणतात आणि नव्या गालिच्यांचे फोटो पाठवतात. मला ते पटत नाही. माणूस दोन-अडीच लाख रुपये मोजतो, त्याला बांधणीचं साल कळायलाच हवं. पण सांगितल्याची किंमत मोजावी लागते. आठवडाभरात ग्रुपवर फिरून आलेले मेसेज पडू लागले. 'तीस वर्षांची भंगार बोट.' एका निवृत्त मास्तरांनी 'रामदास' बोटीची आठवण काढली. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावस्या, मुंबईहून रेवसला निघालेली बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांच्या लहानपणी घरात त्या बोटीबद्दल बोलत, म्हणून भीती खरी होती. अशा भीतीला हसून चालत नाही.

मी सगळ्यांना पुन्हा बोलावलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, आंतरराष्ट्रीय प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र जास्तीत जास्त एका वर्षाचं असतं. एसटीच्या पासिंगसारखं ते दरवर्षी नव्यानं मिळवावं लागतं. शिवाय जहाजाचा तळही ठरावीक काळानं तपासावा लागतो. आतल्या बांधणीत पेटणारं सामान फार असलेली खरोखरची जुनी जहाजं २०१० च्या ऑक्टोबरमध्ये लागू झालेल्या नियमानं बादच झाली. दुसरी गोष्ट, जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून कलंडलेलं 'कोस्टा कॉनकॉर्डिया' २००६ सालचं होतं. सहा वर्षंही झाली नव्हती त्याला, आणि आकार एक लाख चौदा हजार टन. बत्तीस माणसं दगावली. तिथे कमी पडला तो जहाज चालवणाऱ्याचा विवेक. त्यानंतरच नियम कडक झाला, की प्रवाशांची लाइफजॅकेटची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे.

टनांवरून अक्कांचा मुलगा अडला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना आहे, मापाला पक्का माणूस. "एवढं वजन तरंगतं कसं, ताई?" मग सांगावं लागलं की जहाजाचा हा टन वजनाचा नाहीच, आतल्या जागेचं माप आहे. २०२४ साली निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' जवळपास अडीच लाख टनांचं, ३६५ मीटर लांब. आमचं पन्नास हजारांच्या आसपास, लांबी दोनशेच्या थोडी वर. आणि जुनं-लहान जहाज मी निवडलं ते याच लांबीसाठी. सत्तरीच्या माणसाची खोली एका टोकाला आणि जेवणघर दुसऱ्या टोकाला असेल, तर तीनशे मीटरच्या जहाजावर दिवसातून चार वेळा तेवढं चालणं झालं. पाण्याच्या घसरगुंड्यांचे फोटो बघून जहाज ठरवणाऱ्या लोकांना हे सुचत नाही, आणि ऐकायचंही नसतं.

खोल्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे. 'खोली कंपनी ठरवेल' या स्वस्त दरात मी कधीच बुकिंग करत नाही. डेकचा नकाशा पसरून बसते. लांबीच्या बरोबर मध्यावर, खालच्या मजल्यावर हलणं सगळ्यात कमी जाणवतं, म्हणून वयस्कर माणसं तिथे. मग त्या खोलीच्या वर काय, खाली काय, ते बघायचं. वर स्वयंपाकघर असेल तर पहाटे चारपासून गाड्या ढकलल्याचा आवाज. नाचाचा हॉल असेल तर रात्री एकपर्यंत ढोल. लिफ्टला अगदी लागून खोली नको, पण चार-पाच दारांच्या आत हवी. जुन्या जहाजात काही खोल्यांच्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते. नकाशात ते बारीक खुणेनं दाखवलेलं असतं, पण ती खूण बघतंय कोण? मोठ्या शहरातल्या एका कंपनीच्या माणसानं मला फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, सगळ्या खोल्या सारख्याच असतात." त्यानं जहाजात पाऊल ठेवलेलं नव्हतं, हे त्या एका वाक्यात कळलं.

व्हिसाचंही एक सांगते, कारण त्यात चांगले चांगले फसतात. ही क्रूझ मध्ये तुर्कस्तानच्या कुशादासीला जाते आणि परत ग्रीसच्या बेटांवर येते. म्हणजे शेंगेन हद्दीतून, एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांतून, बाहेर पडून पुन्हा आत. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, आणि तुर्कस्तानचा वेगळा बघावा लागतो. अर्ज करतानाच हे लिहून मागायचं.

जहाजावर पहिले दोन दिवस उत्तम गेले. मास्तर वरच्या लाकडी डेकवर रोज पहाटे फेऱ्या मारू लागले. जहाजाला पूर्ण वळसा घालणारा असा उघडा डेक जुन्या जहाजांवर जास्त सापडतो, नव्यांवर ती जागा बऱ्याचदा बाल्कन्यांनी खाल्लेली असते. अक्कांच्या मुलानं खोलीतला टॉवेल उलटा करून काठ चाचपला, धागा ओढून बघितला आणि "आपल्याकडचा नाही" असं जाहीर केलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी निघाली, ती शेजारच्या टेबलावरच्या ग्रीक आजोबांपर्यंत पोहोचली.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच संध्याकाळी टिपली होती. जुन्या जहाजांत न्हाणीघराला चांगला वीतभर उंबरठा असतो, पाणी खोलीत येऊ नये म्हणून. अक्कांना मी तो दाखवायला गेले. त्यांनी उजवा पाय पलीकडे ठेवला आणि थांबल्या. एक पाय आत, एक बाहेर, हात भिंतीवर. श्वास घेतला, मग डावा गुडघा उचलला. तो शस्त्रक्रिया झालेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. जमिनीवर असं थांबण्यानं काहीच बिघडत नाही. घरी प्रत्येक जण असा क्षणभर थांबतो.

तिसऱ्या दिवशी सँटोरिनी. इथली जागा समजून घ्यायला हवी. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटून बेटाचा मधला भाग खाली बसला, त्या खड्ड्यात समुद्र शिरला. बहुतेक ठिकाणी पाणी इतकं खोल की नांगर टाकायची सोय नाही. जहाज इंजिनं चालू ठेवून जागच्या जागी धरतात. क्रूझच्या जहाजाला धक्का नाही. बेटावरच्या नावाड्यांच्या लाँच येतात, जहाजाच्या कुशीतलं खालचं दार उघडतं, आणि तिथून लाँचमध्ये पाऊल टाकायचं. किनाऱ्यावर उतरलं की कड्यावर जायला रोपवे, नाहीतर साडेपाचशेच्या वर पायऱ्या.

त्या सकाळी मेल्टेमी वाहत होता. एजियनवर उन्हाळ्यात वाहणारा हा उत्तरेचा वारा, आकाश निळंशार ठेवून समुद्र उसळवतो. वरून बघणाऱ्याला कळतही नाही. खाली दारात मात्र लाँच फूट-दीड फूट वर-खाली होत होती. दोन खलाशी इकडे, दोन लाँचमध्ये. पद्धत पक्की: हातातलं सगळं आधी पलीकडे द्यायचं, दोन्ही हात मोकळे. खलाशी तळहात धरत नाहीत, कोपराखाली धरतात, कारण तळहात निसटतो. लाँच वर येते तेव्हा सांगतात, त्या क्षणी पाऊल टाकायचं. आपण अंदाज करायचा नाही. त्यांचं काम बघत राहावं असं होतं. माझा ग्रुप एकेक करून गेला, मास्तरही गेले.

अक्का पुढे आल्या. नऊवारी आवरलेली, बूट घातलेले. दारातल्या अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही यांना ओळखता. मी सांगितल्यावर पाऊल टाकतील, की मध्येच थांबतील?"

याहून नेमका प्रश्न मला या धंद्यात कोणी विचारलेला नाही. धोका वयात नाही, ताकदीत नाही. एक पाय इकडे आणि एक तिकडे असताना थांबण्यात आहे. मला उंबरठा दिसला. "थांबतील," मी म्हणाले. त्यानं मान हलवली. मुलाला सांगितलं, तो "ताई म्हणतात तसं" म्हणाला. त्यालाही मी लाँचमध्ये बसवलं, कारण त्याची बायको आणि मुलं आधीच पलीकडे होती. ग्रुपला वर स्थानिक गाइड होता. मी अक्कांजवळ राहिले.

आम्ही लाकडी डेकवर बसलो. जहाज जवळजवळ रिकामं. जागा धरून ठेवताना ते हळूहळू फिरत होतं, त्यामुळे कड्यावरची पांढरी गावं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून समोर येत होती. अक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. चाळीस वर्षं विड्या वळलेली बाई. पानं कापणं, तंबाखू भरणं, गड्डी बांधणं यात दिवसाकाठी किती वेळा हात न थांबता चालला असेल. मग त्यांनी विचारलं, "त्या साहेबानं तुम्हाला काय विचारलं?"

मी जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी खरंच विचार केला. "थांबले असते की ओ," म्हणाल्या. "पण मग त्यांनी धरलंच असतं की. चार जण उभे होते ते कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही पूर्ण देता येत नाही. ते चार जण त्यासाठीच उभे होते हे खरं. त्यांच्या आधी अक्कांहून दीडपट वजनाचे एक गृहस्थ अडखळले होते आणि खलाशांनी त्यांना अलगद उचलून पलीकडे ठेवलं होतं, हेही मी बघितलं होतं. पण अडखळलेल्या माणसाचे दोन्ही पाय एकाच दिशेला जात असतात. थांबलेल्या माणसाखालून लाँच दूर सरकते. लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये पाय सापडला की काय होतं, ते मी जहाजावरच्या लोकांकडून ऐकलेलं आहे. आज पुन्हा तीच सकाळ आली तर मी तेच उत्तर देईन.

दुपारी वारा पडला. तो अधिकारी स्वतः वर आला आणि म्हणाला, आता लाँच अगदी स्थिर आहे, यायचं असेल तर आणतो. खरोखर भला माणूस, त्याला ते करायची काही गरज नव्हती. पण परतीच्या लाँच सुरू झाल्या होत्या. रोपवेची रांग धरून वर जाईपर्यंत उतरायची वेळ झाली असती. अक्का म्हणाल्या, "सकाळी जायचं होतं. आता कशाला?" त्या वाक्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

सोलापूरला परतल्यावर ग्रुपमधल्या दोघा-तिघांनी मला सांगितलं, बरं केलंत ताई, जोखीम कशाला. ज्यांना स्वतःला उतरायला मिळालं होतं, त्यांना हे म्हणणं फार सोपं जात होतं. माझ्या ओळखीच्या एका एजंटानं तर सल्ला दिला, पुढच्या वेळी सत्तरीच्या वरचे घेऊच नका. असे सल्ले ऐकले की मला संताप येतो. सरसकट नकार देणं हे काम नव्हे. मी आता ग्रीसच्या प्रत्येक बुकिंगला घरी जाऊन माणसाला उंबरठा ओलांडताना बघते. पाटावर वीतभर फळी उभी करते, आणि तीन वेळा न थांबता ओलांडायला सांगते. लोकांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

अक्कांना मी दुसरा मार्गही सुचवला. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून साधी फेरीबोट जाते, ती सँटोरिनीच्या अथिनिओस धक्क्याला लागते. मागचा मोठा फळा खाली पडतो आणि माणसं गाड्यांबरोबर सपाट चालत बाहेर येतात. तिथून बसनं वर. गुडघ्याला काही त्रास नाही. मुलगा लगेच तयार झाला.

अक्का तयार नाहीत. त्यांना तेच जहाज हवं आहे, आणि त्याच दारातून जायचं आहे. संक्रांतीनंतर फिजिओथेरपी सुरू केली आहे. घरातला उंबरठा आता त्या थांबून ओलांडत नाहीत, हे मी स्वतः बघून आले. निघताना म्हणाल्या, "या वेळी साहेबानं विचारलं तर तुम्ही नाही बोलायचं. मी बोलणार."

मी अजून होकार दिलेला नाही. कंपनीकडे मे महिन्यातल्या तारखा मात्र मागितल्या आहेत, मेल्टेमी सुरू व्हायच्या आधीच्या.