बर्लिन: दिव्यांच्या खांबांपासून फलाट १७ आणि वानझेपर्यंत

बर्लिनला जाणारे आपले बहुतेक लोक ब्रांडेनबुर्ग गेटजवळचं राखाडी काँक्रीटच्या ठोकळ्यांचं स्मारक बघतात, तिथे थोडं फिरतात आणि पुढच्या ठिकाणी निघतात. २,७११ ठोकळ्यांचं ते स्मारक बघण्यासारखं आहेच. पण हिटलरच्या राजवटीत ज्यूंचा छळ कसा सुरू झाला आणि तो हत्येपर्यंत कसा पोचला हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात तिथून करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. सुरुवात करा शोनेबर्गमधल्या एका रहिवासी वस्तीतून. तिथून ग्रुनेवाल्ड स्टेशन, जिथून ज्यूंना गाड्यांत भरून नेलं, आणि शेवटी वानझे तलावाकाठचा बंगला. ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात, एकाच तिकिटात होतात. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि कॉलेजात शिकणारी लेक, याच क्रमाने गेलो.

तिकिटाचं आधी सांगते. एबी झोनचं चोवीस तासांचं तिकीट काढा. वानझे लांब वाटलं तरी बी झोनमध्येच येतं, सी झोनचे जास्तीचे पैसे घालू नका. मशिनमधून काढलेल्या कागदी तिकिटावर प्रवासाआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि दंड ६० युरो आहे.

यू-४ किंवा यू-७ मेट्रोने बायरिशर प्लाट्झला उतरा. बाहेर आलात की झाडं, बाग, नीटनेटक्या इमारती, कुत्री फिरवणारी माणसं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसलेल्या या भागात डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी अशी सुशिक्षित ज्यू कुटुंबं मोठ्या संख्येने राहत होती. अल्बर्ट आइनस्टाईन इथल्याच हाबरलांडश्ट्रासवर बरीच वर्षं राहिले. १९३२ च्या डिसेंबरात ते अमेरिकेला गेले आणि जर्मनीत परत आलेच नाहीत.

या वस्तीत तिकीटघर नाही, दरवाजा नाही, रांग नाही. स्मारक दिव्यांच्या खांबांवर आहे. रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नोक या कलाकारांनी १९९३ साली इथल्या खांबांवर ८० पाट्या लावल्या. पाटीच्या एका बाजूला रोजच्या वापरातल्या एखाद्या वस्तूचं साधं, रंगीत चित्र आणि दुसऱ्या बाजूला त्या काळातला नियम आणि त्याची तारीख. पावाचं चित्र आहे, मागे लिहिलंय: बर्लिनमधल्या ज्यूंनी खाद्यपदार्थ फक्त दुपारी ४ ते ५ या वेळेत विकत घ्यावेत, ४ जुलै १९४०. लहान मुलींच्या ठिक्करपाण्यासारखी आखलेली घरं दिसतात, मागे लिहिलंय: आर्य आणि अनार्य मुलांनी एकत्र खेळू नये, १९३८. मांजराचं चित्र, मागे: ज्यूंना घरात पाळीव प्राणी ठेवण्यास बंदी, १५ मे १९४२. पोहण्याची चड्डी, मागे जलतरण तलावांवर बंदी. टपाल खात्याने ज्यूंच्या घरचे टेलिफोन तोडले त्याची पाटी आहे. ज्यू डॉक्टरांची प्रॅक्टिस बंद केली त्याची आहे. ज्यूंना अंडी विकू नयेत, हाही नियम होता.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो या नियमांच्या किरकोळपणाचा. प्रत्येक नियम कुणीतरी टेबलावर बसून लिहिला, कुणीतरी टाइप केला, सही केली. दुकानदाराने, पोस्टमनने, शाळेच्या शिपायाने तो पाळला. एकेका पाटीला वाटतं, एवढ्याने काय होतंय, माणूस सहन करेल. पंचवीस-तीस पाट्या वाचून झाल्या की लक्षात येतं की या माणसांना जगायला जागाच उरलेली नाही. बाग नाही, बाकडं नाही, शाळा नाही, नोकरी नाही, फोन नाही, मांजर नाही. आणि २३ ऑक्टोबर १९४१ ची पाटी सांगते की देश सोडून जायलाही बंदी.

त्याआधी ज्यांना व्हिसा, पैसा आणि कुणाची तरी हमी मिळाली ते निघून गेले. काही थोडे आपल्या मुंबईतही पोचले. रुडॉल्फ व्हॉन लेडन हे बर्लिनचेच. ज्यू वंशाचे असल्याने त्यांना तिथे भवितव्य उरलं नाही आणि १९३३ मध्ये ते मुंबईला आले. हुसेन, रझा, आरा या चित्रकारांच्या पाठीशी सुरुवातीच्या काळात समीक्षक म्हणून जे ठामपणे उभे राहिले, ते हेच. जहांगीर आर्ट गॅलरीच्या आसपास चित्रं बघत वाढलेल्या मुंबईकरांनी शोनेबर्गच्या त्या रस्त्यांवर त्यांची आठवण काढावी.

फिरताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. पाट्या फक्त जर्मनमध्ये आहेत, त्यामुळे फोनवर भाषांतराचं ॲप आधीच उतरवून घ्या. काही पाट्या बऱ्याच उंच आहेत, ज्यांची नजर अधू आहे त्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातून मोठं करून वाचावं. सगळ्या ८० शोधायचा हट्ट धरू नका. मोठ्या नकाशाचे फलक बायरिशर प्लाट्झपाशी आणि शोनेबर्गच्या टाउन हॉलसमोर आहेत. त्यावर १९३३ चा आणि १९९३ चा असे दोन नकाशे एकावर एक छापलेले दिसतात. दीड-दोन तास द्या. हिवाळ्यात जात असाल तर सकाळीच या, चारनंतर अंधार पडतो आणि चित्रं दिसत नाहीत. ही लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा खिडक्यांखाली घोळका करून मोठ्याने बोलू नका. पाट्या पहिल्यांदा लागल्या तेव्हा काही रहिवाशांना वाटलं की नवनाझींनीच हे केलं, आणि त्यांनी पोलिसांना बोलावलं होतं. नंतर हे स्मारक आहे असं सांगणारी छोटी पट्टी प्रत्येक पाटीखाली बसवली गेली.

म्युन्शनर श्ट्रासवर पूर्वी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, होतं. त्या जागेवर आता प्राथमिक शाळा आहे. १९९० च्या दशकापासून या शाळेची सहावीतली मुलं दरवर्षी या परिसरातून नेलेल्या एकेका ज्यू रहिवाशाचं नाव निवडतात, त्या माणसाची माहिती काढतात आणि त्याचं नाव एका विटेवर लिहून आवारातल्या भिंतीत ती वीट रचतात. भिंत आता हजाराहून जास्त विटांची झाली आहे. शाळा चालू असते, आगाऊ परवानगीशिवाय आत शिरू नका.

एक पाटी मात्र चुकवू नका. त्यावर नियम नाही, एका पत्रातल्या ओळी आहेत. लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी नेणार आहेत, त्याचं दुःख आहे, आणि तुला लिहीन असं आश्वासन आहे. तारीख १६ जानेवारी १९४२. ही तारीख लक्षात ठेवून पुढे निघा.

निघताना पुन्हा मेट्रोत बसायचं असतं, आणि पाट्यांपैकी एक मेट्रोबद्दलही आहे. सप्टेंबर १९४१ पासून ज्यूंना सार्वजनिक वाहन फक्त कामावर जाण्यासाठी वापरता येत होतं, एप्रिल १९४२ पासून तेही नाही. यू-७ ने विल्मर्सडोर्फर श्ट्रासला उतरा, तिथून दोन मिनिटांवर शार्लोटेनबुर्ग स्टेशन. तिथून एस-७ लोकल थेट ग्रुनेवाल्डला नेते.

ग्रुनेवाल्ड हे जंगलाच्या कडेचं, श्रीमंत बंगल्यांच्या वस्तीतलं छोटं, सुबक स्टेशन आहे. ‘ग्लाइस १७’, म्हणजे फलाट १७, ही पाटी भुयारी मार्गातच दिसेल. तिथून थेट फलाटावर जाता येतं, पण मी म्हणेन की आधी स्टेशनच्या मुख्य दारातून बाहेर पडा आणि उजवीकडच्या चढाने वर जा. तिथे पोलिश शिल्पकार कारोल ब्रोनियातोव्स्की यांची १९९१ मधली काँक्रीटची लांब भिंत आहे. भिंतीत चालत जाणाऱ्या माणसांच्या आकृत्या आहेत, पण कोरलेल्या नाहीत, पोकळ आहेत. माणसं जिथे असायला हवीत तिथे खाच आहे.

वर फलाट १७. जर्मन रेल्वेने २७ जानेवारी १९९८ रोजी हे स्मारक खुलं केलं. रुळांच्या दोन्ही कडांना ओतीव पोलादाच्या १८६ पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर तारीख, किती ज्यू नेले आणि कुठे नेले, एवढंच. पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१, लॉड्झला. मग मिन्स्क, कौनास, रिगा, थेरेसिएनश्टाट, आणि पुढे पट्टीमागून पट्टी आउशविट्झची मृत्युछावणी. काही पट्ट्यांवर हजार माणसं, काहींवर शंभर, काहींवर तीसपस्तीस. शेवटची २७ मार्च १९४५ ची, थेरेसिएनश्टाटला १८ ज्यू. रशियन फौजा बर्लिनच्या दाराशी होत्या, बॉम्ब पडत होते, आणि तरी या १८ जणांना नेण्यासाठी व्यवस्था झाली.

सगळ्या गाड्या याच फलाटावरून सुटल्या नाहीत. मोआबिटच्या मालधक्क्यावरून कितीतरी गेल्या, आणि वृद्धांना तर आनहाल्टर स्टेशनवरून नेहमीच्या प्रवासी गाडीला डबे जोडून नेलं. माणसांना आधी गोळा केलं जाई लेव्हेत्सोव्हश्ट्रासवरच्या सिनेगॉगमध्ये. तिथे आपल्या मालमत्तेची सोळा पानांची यादी भरून द्यावी लागे: किती खुर्च्या, किती चादरी, बँकेत किती. ती सगळी सरकारजमा होई. आणि रेल्वे या प्रवासाचं तिसऱ्या वर्गाचं भाडं लावत असे, माणशी दर किलोमीटरला चार फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क). दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट.

२७ नोव्हेंबर १९४१ ची रिगाची पट्टी शोधा. त्या गाडीतल्या सुमारे हजार बर्लिनकरांना ३० नोव्हेंबरच्या सकाळी पोचताच रुंबुलाच्या जंगलात गोळ्या घातल्या. माझी लेक त्या पट्टीपाशी बराच वेळ बसून होती. शोनेबर्गमध्ये पावाची पाटी तिने पाहिली होती, आणि आता तिला विचारायचं होतं की चार ते पाचच्या वेळेत पाव घ्यायला जाणाऱ्या बाईला हे ठाऊक असेल का. मला उत्तर देता आलं नाही.

फलाट उघडा आहे, पाऊस आणि थंडी यांची तयारी ठेवा. पोलादी जाळीच्या पट्ट्या ओल्या असल्या की घसरतात, टाचांची चप्पल टाळा. तिथे चोवीस तास जाता येतं, पैसे लागत नाहीत. लोक पट्ट्यांवर फुलं, दगड ठेवतात. ज्यू रीतीत स्मृतीसाठी दगड ठेवतात, तेव्हा ठेवलेले दगड हलवू नका.

पुन्हा एस-७ पकडा, शेवटच्या टप्प्यासाठी. निकोलासझेनंतरचं स्टेशन वानझे. बाहेर ११४ नंबरची बस त्या बंगल्याच्या दाराशी सोडते. चालायची हौस असेल तर तलावाच्या बाजूने अर्ध्या तासाचा रस्ता आहे. तिथे जेवणाची सोय जवळपास नाही, म्हणून वानझे स्टेशनवर काहीतरी खाऊन घ्या किंवा डबा बरोबर ठेवा. बंगल्यात प्रवेश मोफत आहे, वेळ १० ते ६.

२० जानेवारी १९४२ रोजी, म्हणजे त्या पत्रानंतर चौथ्या दिवशी, युरोपातल्या ज्यूंच्या हत्येच्या योजनेवर बोलायला या बंगल्यात पंधरा माणसं जमली. नाझी सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख राइनहार्ड हाइड्रिश अध्यक्ष, इतिवृत्त लिहिणारा अडॉल्फ आइशमान. बाकीचे गृह, न्याय, परराष्ट्र अशा खात्यांचे सचिव आणि एसएस या नाझी संघटनेचे अधिकारी. निम्म्याहून जास्त लोक डॉक्टरेट घेतलेले. बैठक सुमारे दीड तास चालली. इतिवृत्ताच्या तीस प्रती निघाल्या, त्यातली एकच, सोळाव्या क्रमांकाची, १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या कागदांत सापडली. तिच्यात देशवार आकड्यांचा तक्ता आहे: युरोपातले एकूण एक कोटी दहा लाख ज्यू. इंग्लंड ३,३०,०००, जे जर्मनीच्या ताब्यात नव्हतंच. अल्बानिया २००. एस्टोनियापुढे आकडाच नाही, तिथले ज्यू आधीच मारून झाले होते.

पुष्कळांची समजूत असते की ज्यूंना मारायचं इथे ठरलं. फलाट १७ वरून आलेल्या माणसाला हे पटणार नाही. जून १९४१ पासून सोव्हिएत भूमीवर गोळीबाराने लाखो ज्यू मारले गेले होते. डिसेंबरात पोलंडमधल्या खेल्मनोला विषारी वायूने मारणं सुरू झालं होतं. बर्लिनच्या गाड्या तीन महिने धावत होत्या. इथे खात्याखात्यांत समन्वय झाला, आणि सगळ्या खात्यांनी मान डोलावली. म्हणूनच वानझे शेवटी बघा. आधी बघितलंत तर पंधरा माणसांवर सगळं ढकलून मोकळं व्हावंसं वाटतं, आणि मग त्या खांबांवरच्या पाट्या कुणी अमलात आणल्या हे विचारायचं राहून जातं.

बंगल्यातल्या ग्रंथालयाला योझेफ वुल्फ यांचं नाव आहे. आउशविट्झमधून वाचलेले हे इतिहासकार १९६० च्या दशकात धडपडत होते की या वास्तूत दस्तऐवजांचं केंद्र व्हावं. त्यांना नकार मिळाला. तेव्हा बंगल्यात शाळकरी मुलांचं सहलीचं वसतिगृह चालत होतं. १९७४ मध्ये वुल्फ यांनी आत्महत्या केली. स्मारक उघडलं १९९२ मध्ये, बैठकीला पन्नास वर्षं झाल्यावर.

लहान मुलांना घेऊन जावं का, असं मला बरेच जण विचारतात. वस्तीतल्या पाट्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना कळतात आणि सोसतात. वानझेतली छायाचित्रं मात्र कठीण आहेत, चौदा-पंधराच्या आत नको.

दुसरा दिवस हाताशी असेल तर हाकेशर मार्क्टजवळ, रोझेनथालर श्ट्रास ३९ च्या अंगणात आत शिरा. तिथे ओटो वाइट यांचा ब्रश आणि झाडू बनवण्याचा कारखाना होता, कामगार बहुतेक ज्यू, अंध किंवा मूकबधिर. वाइट स्वतःही जवळजवळ आंधळे. त्यांनी गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, लाच देऊन कामगारांना परत आणलं, एका कुटुंबाला मागच्या बिनखिडकीच्या खोलीत लपवलं आणि दारापुढे कपाट लावलं. ते कुटुंब पुढे पकडलं गेलं आणि मारलं गेलं. पण आलिस लिख्ट या तरुणीला आउशविट्झला नेल्यावर वाइट तिच्या मागावर पोलंडपर्यंत गेले, आणि ती वाचली. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये एक लाख साठ हजार ज्यू होते. लपून राहून युद्धाच्या शेवटी जिवंत निघालेले सुमारे १,७००, आणि त्यातल्या प्रत्येकामागे असं कुणीतरी होतं. म्युझियम मोफत आहे, खोल्या अरुंद आहेत, म्हणून सकाळी लवकर जा. तिथून ठोकळ्यांच्या स्मारकाकडे जाणार असाल तर खालच्या मजल्यावरचं दालन सोडू नका, त्यात एकेका कुटुंबाची कहाणी आहे. ते सोमवारी बंद असतं.