उलटतपासातला ‘मी’

खालच्या न्यायालयात साक्ष मराठीत नोंदवली जाते; तेच प्रकरण अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेले की कागद इंग्रजीत लागतात, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे तिथले कामकाज इंग्रजीत चालते. या दोहोंमधले भाषांतर हा माझा व्यवसाय आहे. शाळेत हमखास गुण मिळवून देणारे ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच’ या कामात रोज भेटते, पण त्यावर जमिनीच्या मालकीचा प्रश्न येऊन ठेपलेला मी एकदाच पाहिला.

दावा कोल्हापूरकडचा होता. वादी एक विधवा आणि प्रतिवादी तिचे दीर. जमिनीच्या सौद्यात इसाराची, म्हणजे सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम कोणी घेतली, हा वादाचा गाभा होता. उलटतपासात बाईंनी दिलेले उत्तर असे नोंदवलेले होते : ‘दीर मला म्हणाले की मी तलाठ्याकडे जाऊन आलो, इसाराचे पैसे मी घेतले, कागद नंतर करू.’ दिरांच्या बाजूने दाखल झालेल्या भाषांतरात मधल्या भागाचे ‘शी हॅड टेकन द अर्नेस्ट मनी’ असे झाले होते. म्हणजे पैसे बाईंनी घेतले आणि सौदा त्यांच्या संमतीनेच झाला. बाईंच्या वकिलांनी तो कागद सकाळी माझ्याकडे पाठवला. सुनावणी दुपारी होती.

ते भाषांतर कोणी मुद्दाम वाकडे केले असेल, असे मला वाटले नाही. मराठीत ‘की’ लावल्यावरही मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहू शकतो आणि काळही बदलावा लागत नाही. पण त्याच ‘की’ नंतरचा ‘मी’ साक्षीदाराचा स्वतःचाही असू शकतो. ‘तो म्हणाला की मी चोरी केली’ या वाक्यात चोर कोण, हे नुसत्या वाक्यावरून सांगता येणार नाही. इंग्रजीत ‘दॅट’ आला की अशी मोकळीक उरत नाही. सर्वनाम ‘ही’ की ‘शी’, हे तिथल्या तिथे ठरवावे लागते, ‘टुमारो’चे ‘द नेक्स्ट डे’ करावे लागते आणि क्रियापद एक पायरी मागे न्यावे लागते. पाठ्यपुस्तकात हे यांत्रिक रूपांतर म्हणून शिकवतात. साक्षीच्या कागदावर त्यातला प्रत्येक बदल हा भाषांतरकाराने दिलेला निर्णय असतो.

‘पैसे मी घेतले’ हा कर्मणी प्रयोग. क्रियापद ‘पैसे’ या कर्माप्रमाणे चालते, म्हणून घेणारा पुरुष की स्त्री याचा त्यात मागमूस नसतो. आधीचे ‘जाऊन आलो’ मात्र कर्तरी आहे आणि तिथे कर्त्याचे लिंग उघड होते. बाई स्वतःविषयी बोलत असत्या तर ‘आले’ आले असते. तलाठ्याकडे जाऊन आला तोच पैसे घेणारा, हे वाक्याच्या ओघावरून धरता येत होते. अडचण एवढीच, की माझ्याकडच्या झेरॉक्समध्ये नेमके ते अक्षर पुसट होते. ‘आलो’ आणि ‘आले’ यांत फरक फक्त एका कान्याचा. वकिलांच्या कारकुनाने प्रमाणित नक्कल काढून दाखवली. काना स्पष्ट होता.

प्रतिपक्षाच्या वकिलांनी मग मुरलेल्या माणसाचा आक्षेप घेतला. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना सर्रास ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात, तेव्हा या ‘आलो’वरून काय सिद्ध होते? आक्षेप खरोखरच बिनतोड वाटावा असा होता. त्यावर उपाय म्हणजे बाईंची साक्ष पहिल्यापासून वाचणे. तिच्यात ‘मी माहेरी गेले होते’, ‘मी तलाठ्याला भेटले नाही’ अशी वाक्ये होती; जिथे कृती निःसंशय बाईंची होती तिथे नोंद करणाऱ्याने प्रत्येक वेळी प्रमाण मराठीतले स्त्रीलिंगी रूप लिहिले होते. त्यामुळे हा एकटा ‘आलो’ दिरांकडेच जात होता.

दावा नवा साक्ष कायदा येण्यापूर्वीचा असल्याने १८७२ चा पुरावा अधिनियमच लागू होता. दुसऱ्याच्या तोंडचे सांगणे हा एरवी ऐकीव पुरावा ठरतो आणि कलम ६० त्याला आडवे येते. पण दाव्यातील पक्षकाराने स्वतःच्या हिताविरुद्ध केलेले विधान ही कबुली असते आणि कलम १७ ते २१ नुसार ती त्याच्याविरुद्ध वाचता येते. एका सर्वनामाने बाईंच्या गळ्यात पडलेले वाक्य आता दिरांची कबुली म्हणून उभे राहत होते.

दुरुस्त भाषांतरात मी इनडायरेक्ट स्पीच टाळले. दिरांचे शब्द ‘आय’सकट अवतरणचिन्हांत ठेवले आणि त्यापुढे कंसात ‘प्रतिवादी क्रमांक १’ असे लिहिले. इंग्रजीतही ‘ही टोल्ड हिज ब्रदर दॅट ही हॅड पेड’ म्हटले की पैसे कोणी दिले ते कळत नाहीच, म्हणून न्यायालयीन कागदांत असा कंस मी नेहमी पसंत करतो. दोन्ही वकिलांनी ते पान बदलून घेण्यास संमती दिली.

त्याच साक्षीत पुढे ‘ते म्हणाले की पावती मी ठेवली’ असे आणखी एक वाक्य आहे. तिथे आजूबाजूला आधाराला एकही कर्तरी क्रियापद नाही. त्या वाक्याचे दोन्ही अर्थ मी इंग्रजीत दिले, शेजारी मूळ मराठी देवनागरीत ठेवले आणि प्रमाणपत्रात तसे नमूद केले. त्यावर युक्तिवाद करणे हे वकिलांचे काम आहे.