बातमीचा चौथा परिच्छेद

मी पूर्वी न्यूज चॅनेलमध्ये होते हे कळलं की पाच मिनिटांत एक प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, लोकलमध्ये येतो. "एवढ्याशा गोष्टीवरून हे लोक एवढा गहजब करतात, ते मुद्दाम करतात का हो?" गेल्या आठवड्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं. त्यांच्या टीव्हीवर संध्याकाळभर कुठल्याशा नटीच्या कपड्यांवरून चर्चा चालली होती, आणि आमच्या इमारतीत तिसऱ्या दिवशीही पाणी आलं नव्हतं. मी जिन्यात उभ्या उभ्या काहीतरी सांगितलं. ते अर्धवट होतं. काका, तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट लिहिते.

हो, मुद्दाम करतात. मीही केलं आहे.

२०१४ चा जुलै महिना. मी आउटपुट डेस्कवर होते, म्हणजे आलेल्या बातम्यांतून पडद्यावर काय आणि कसं जाईल ते ठरवणाऱ्या टेबलावर. विदर्भातल्या आमच्या एका स्ट्रिंगरने क्लिप पाठवली. (स्ट्रिंगरला पगार नसतो, स्टोरीमागे पैसे मिळतात, हे लक्षात असू द्या.) जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी खुर्चीत झोपलेले. मान मागे टेकलेली, तोंड किंचित उघडं. समोर जमिनीवर बसलेली मुलं वह्यांत काहीतरी गिरवतायत आणि एक मुलगी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. एकोणीस सेकंद. गावातल्या कुणीतरी मोबाइलवर काढलेलं. स्ट्रिंगरने स्वतः जाऊन शाळेचे आणखी चार मिनिटांचे शॉट्स घेतले होते आणि सोबत चार परिच्छेदांची कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, पाठवली होती.

चौथ्या परिच्छेदात होतं की शाळा पहिली ते चौथीची, शिक्षकांची पदं दोन, त्यातलं एक वर्षभर रिक्त. चारही वर्ग हे एकच गुरुजी सांभाळतात, आणि पोषण आहाराच्या नोंदीही तेच ठेवतात.

तो परिच्छेद मी काढला. कुणी सांगितलं नव्हतं. स्क्रिप्ट चाळीस सेकंदांत बसवायची होती, आणि डेस्कवर आम्ही दिवसातून पन्नासदा विचारायचो तो प्रश्न मी स्वतःलाच विचारला: व्हिज्युअल, म्हणजे दाखवायला दृश्य, काय आहे? झोपलेल्या माणसाचं व्हिज्युअल होतं. रिक्त पदाचं कुठून आणणार?

पुढचं सगळं तासातासाने घडलं. अकराला टिकर, म्हणजे पडद्याखालची धावती ओळ, बाराच्या बुलेटिनला पहिली बातमी, क्लिप लूपवर. त्यानंतरचं काम बाहेरच्यांना माहीत नसतं, ते सांगते. बातमी मोठी होते ती प्रतिक्रियांनी, आणि प्रतिक्रिया आपोआप येत नाहीत, मागवाव्या लागतात. एका पक्षाच्या प्रवक्त्याला फोन लावला. त्यांनी क्लिप पाहिलेली नव्हती. आम्ही पाठवली. दहा मिनिटांत ते फोनोवर, म्हणजे बुलेटिनमध्ये फोनवरून बोलायला, आले आणि त्यांनी तीव्र निषेध केला. लगेच टिकर बदलला, 'अमुक पक्ष आक्रमक'. तो टिकर दाखवून दुसऱ्या पक्षाला फोन. मग 'आरोप-प्रत्यारोप'. दुपारी तालुक्यातले काही कार्यकर्ते शिक्षण विभागाच्या कार्यालयावर गेले. जाण्याआधी त्यांनी आमच्या स्ट्रिंगरला वेळ कळवली होती. कॅमेरा पोहोचल्यावर घोषणा सुरू झाल्या. 'संताप', 'खळबळ', 'वाद चिघळला' हे शब्द आम्ही तोवर लिहून ठेवले होते. संताप नंतर आला.

संध्याकाळी निलंबनाचा आदेश निघाला. आम्ही पडद्यावर 'इम्पॅक्ट'ची पाटी लावली, आमच्या बातमीचा दणका म्हणून. पाठीवर थाप मिळाली. मला बरं वाटलं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रिंगरचा फोन. "मॅडम, शाळेले कुलूप लागलं आहे. दुसरे मास्तर कधी येतीन काही नेम नाही म्हणतात. पोरं घरीच आहेत. स्टोरी पाठवू का?"

मी म्हटलं, "कालच झाली ना ती स्टोरी."

गुरुजी झोपले नव्हते असं मी म्हणत नाही. ते झोपले होते, ती चूकच होती, आणि पालकांना राग येणं रास्त होतं. पण त्या दिवशी राज्यभर जो राग उसळला त्याने त्या गावातल्या मुलांचा होता तो एक शिक्षकही नेला. रिक्त जागा तशीच राहिली.

माझ्या वयाच्या पत्रकारांना २००६ चा मार्च-एप्रिल आठवत असेल. मुंबईत लॅक्मे फॅशन वीक होता. रॅम्पवर चालताना एका मॉडेलचा पोशाख निसटला, पुढे आणखी एकीचा फाटला. काही क्षणांचे प्रसंग, पण ते पडद्यावर दिवसच्या दिवस फिरत राहिले. प्रकरण विधिमंडळात गेलं आणि तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी मुंबई पोलिसांना चौकशी करायला सांगितलं. कपडा आपोआप निसटला की मुद्दाम, याची पोलीस चौकशी. त्याच आठवड्यांत विदर्भात कापूस उत्पादक शेतकरी आत्महत्या करत होते. खेड्यांवर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा मोजून लिहिलं होतं की फॅशन वीकसाठी अधिकृत पास घेतलेले पत्रकार ५१२ होते. मंचावर सुती कपडे होते आणि ज्या मातीत कापूस पिकतो ती विमानाने तासाभरावर होती. तिथे जाऊन राहिलेले मुंबई-दिल्लीचे पत्रकार बोटांवर मोजण्याइतके. पुढे ३० जून आणि १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा कॅमेरे आले आणि त्यांच्याबरोबरच परतले.

मी तेव्हा मुंबईत एका दैनिकात उपसंपादक होते. फॅशन वीकची ती बातमी मी दोनदा पहिल्या पानावर लावलेली आहे.

याला लोक एका शब्दात उत्तर देतात: टीआरपी. ते खोटं नाही. २०२० च्या सुमारास अख्ख्या देशात साधारण ४४ हजार घरांत टीव्हीवर काय पाहिलं जातं ते मोजणारं यंत्र होतं, आणि दर गुरुवारी येणारे आकडे त्या घरांवरून ठरायचे. हे आकडे काढणाऱ्या बार्क या संस्थेने खेड्यांचे आकडे द्यायला सुरुवात केली तीच मुळी ऑक्टोबर २०१५ मध्ये. त्याआधी आम्ही ज्यांच्यासाठी बातम्या निवडायचो ते मुख्यतः शहरातलं घर होतं. खर्चाचाही हिशेब असतो. यवतमाळच्या एखाद्या खेड्यात रिपोर्टर आणि कॅमेरामन तीन दिवस पाठवायचे म्हणजे गाडी आली, मुक्काम आला, आणि हाती येणार पाच मिनिटांची बातमी. स्टुडिओत चार माणसं बसवली की तास भरतो, आणि त्यातले दोघे स्वतःच्या गाडीने येतात.

पण टीआरपीवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याची तक्रार पुढे आणल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं बंद झालं ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. सतरा महिने आकडेच नव्हते. त्या काळात गदारोळ कमी झालेला मला तरी दिसला नाही.

याचं कारण मला उशिरा उमगलं. लोकांचा राग खरा असतो. आम्ही तो तयार करत नव्हतो, आम्ही त्याला पत्ता देत होतो. तहसील कार्यालयात चार खेपा घालूनही दाखला मिळत नाही. दवाखान्यात डॉक्टर नसतो. मुलगी चौथीत गेली तरी तिला वाचता येत नाही. या सगळ्याचा राग माणूस वर्षानुवर्षं पोटात घेऊन फिरतो, कारण रागवायचं कुणावर ते दिसत नाही. रिक्त पदाला चेहरा नसतो. बदलीच्या धोरणाला नाव-गाव नसतं. मग एक दिवस पडद्यावर एक खुर्ची दिसते आणि खुर्चीत झोपलेला माणूस दिसतो. सगळी वर्षं त्या एका माणसावर कोसळतात. संध्याकाळी तो निलंबित होतो आणि काहीतरी झालं असं वाटून लोक निवांत जेवतात. म्हणून मला छोट्या बातमीची भीती वाटते. मोठ्या गोष्टीसाठी साठवलेला राग ती फुकटात खर्चून टाकते.

आता तर डेस्कचीही गरज उरली नाही. माझ्या बहिणीच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी आठच्या आत तीन क्लिपा येतात, खाली ओळ असते, 'एवढं पसरवा की याची नोकरी गेली पाहिजे'. पाठवणारी माणसं प्रेमळ आहेत, पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ न देणारी. 'याची' म्हणजे कुणाची, हे एकालाही माहीत नसतं.

आणि ज्याच्यावर हे येतं त्याचं किती वर्षं चालतं? १५ एप्रिल २००७ ला दिल्लीत ट्रकचालकांसाठी एड्स जनजागृतीचा कार्यक्रम होता. मंचावर हॉलिवूडचा नट रिचर्ड गेअरने शिल्पा शेट्टीच्या गालाचं चुंबन घेतलं. पुतळे जळले, खटले भरले गेले, राजस्थानच्या न्यायालयातून वॉरंट निघालं. शिल्पा शेट्टीला मुंबईच्या न्यायालयाने दोषमुक्त केलं ते जानेवारी २०२२ मध्ये. जवळजवळ पंधरा वर्षं, आणि तेही चुंबन जिने घेतलं नव्हतं तिच्यामागे. ती नामवंत होती, वकील उभे करू शकली. आणि एड्सची माहिती घ्यायला जमलेल्या त्या ट्रकचालकांबद्दल एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही.

"मग काय, छोट्या बातमीवर चिडायचंच नाही का?" काका पुढे हेही म्हणाले होते. चिडायचं ना. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. जगाच्या दृष्टीने कोपऱ्यातली बातमी. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, तेव्हाही देश पेटला नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी आधी निकाल शब्दन्‌शब्द वाचला होता. पत्रातून मोर्चे निघाले, मुंबईत, नागपुरात बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तोही संतापच होता. पण तो सात-आठ वर्षं जुन्या घटनेवर होता आणि त्याला काय हवं ते ठाऊक होतं: पोलिसाच्या ताब्यातली बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली तर कायद्याने तिचं खरं मानावं. त्या मुलीला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. पुढच्या बायकांना झाला.

हल्ली एखादी क्लिप आली आणि माझंही रक्त तापलं की मी स्वतःला एवढंच विचारते, हा माणूस उद्या घरी बसला तर त्या जागी कोण येणार आहे? उत्तर माहीत नसेल तर पुढे पाठवत नाही.

२०१४ च्याच डिसेंबरात डेस्कवर ठरलं, वर्षभरातल्या आपल्या दणक्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा. फुटेज काढायचं काम माझ्याकडे आलं. शाळेची ती स्टोरी उघडली, आणि जुलैत घाईत जे पाहिलंच नव्हतं ते स्ट्रिंगरचे चार मिनिटांचे शॉट्स पहिल्यांदा पूर्ण पाहिले. दुसऱ्या मिनिटाला कॅमेरा गुरुजींच्या रिकाम्या खुर्चीवरून मागच्या भिंतीकडे जातो. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटचा चौकोन आहे, पांढऱ्या अक्षरांत रकाने आखलेले. मंजूर पदे २. कार्यरत १. रिक्त १. स्ट्रिंगरने त्यावर कॅमेरा नऊ सेकंद स्थिर धरून ठेवला होता.