बिलाचा साचा आणि डीपकॉपीतले खड्डे

बिल हा ऑब्जेक्ट दिसतो त्याहून जड असतो. हेडर, करांचा तक्ता, मालाच्या ओळी, लोगो, छपाईची शैली असं सगळं कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट घडवणाऱ्या फंक्शनला) पुरवत बसलं की पॅरामीटरची रांग लागते. म्हणून पायथॉनमध्ये मी प्रोटोटाइपचा, म्हणजे तयार साच्याची प्रत काढण्याचा, रस्ता धरला. दोन तयार बिलं डिक्शनरीत ठेवली: राज्यांतर्गत विक्रीसाठी सीजीएसटी ९ टक्के अधिक एसजीएसटी ९ टक्के, राज्याबाहेरसाठी आयजीएसटी १८ टक्के. नवं बिल हवं की साच्याची प्रत काढायची, ग्राहक आणि ओळी भरायच्या.

आधी साधं कॉपी वापरलं. ग्राहकाचं नाव बदललं, साचा जसाच्या तसा, टेस्टही पास. मग एका बिलात अपेंडने (लिस्टच्या शेवटी भर घालून) तीन ओळी घातल्या, आणि पुढचं कोरं बिल त्याच तीन ओळी घेऊन आलं! कॉपी फक्त बाहेरचं खोकं नवं देते, आतली लिस्ट दोघांची एकच. नाव बदलणं म्हणजे नवी व्हॅल्यू असाइन करणं, त्यामुळे तिथे काही कळत नाही. अपेंड मात्र त्याच लिस्टमध्ये जाऊन बसतं. टेस्ट लिहायची तर अपेंड करूनच लिहावी.

मग आतल्या वस्तूंचीही प्रत काढणाऱ्या डीपकॉपीवर गेलो तर टाइपएरर: बिलात ठेवलेलं एसक्यूलाइट डेटाबेसचं कनेक्शन पिकल करता (म्हणजे साठवण्याजोग्या बाइट्समध्ये बदलता) येत नाही म्हणे. पिकल तर कुठेच वापरलं नव्हतं, पण डीपकॉपी आतून पिकलचीच यंत्रणा वापरते. कनेक्शन बिलात ठेवायचं कारणच नव्हतं. आता ते सेव्ह करताना बाहेरून देतो. लोगो बाइट्समध्ये असेल तर चिंता नाही. बाइट्स बदलता येत नाहीत, म्हणून डीपकॉपी त्यांची प्रत काढतच नाही.

खरा घोळ बिल क्रमांकाचा. तो इनिटमध्ये (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये) तयार होत होता, आणि डीपकॉपी साध्या क्लासचं इनिट पुन्हा चालवत नाही. एका साच्यातून निघालेल्या सगळ्या बिलांवर एकच क्रमांक! जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे तो आर्थिक वर्षात एकमेव लागतो. साच्यात आता क्रमांक नन, म्हणजे रिकामा, असतो, सेव्ह करतानाच मिळतो. तारखेचंही तसंच.

शेवटची अडचण चोरपावलांनी आली. प्रत्येक ओळीत आपल्या बिलाकडे बोट दाखवणारा रेफरन्स होता. पूर्ण बिलाची प्रत काढली तर काही बिघडत नाही, कशाकशाची प्रत काढून झाली याची नोंद ठेवणारी डीपकॉपीची मेमो डिक्शनरी असली चक्रं सांभाळते. पण एकाच ओळीची प्रत काढली की तिच्यामागून अख्खं बिल कॉपी होऊन येतं, आणि नवी ओळ त्या भलत्याच बिलाला चिकटलेली राहते. डीपकॉपीच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटला आपण भरलेला मेमो देता येतो: की म्हणून बिलाचा आयडी, व्हॅल्यू म्हणून तेच बिल. मग डीपकॉपीला वाटतं की त्याची प्रत आधीच काढून झाली आहे, आणि ती तिथेच थांबते.