वाघाटीचा माग: जुन्नरच्या शिवारातली उन्हाळी नोंद

मंडळी, वाघाटी या छोट्या ठिपकेदार जंगली मांजरीसाठी लावलेले माझे दोन्ही कॅमेरे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे) आता जमिनीपासून वीतभरच उंचीवर आहेत. वाघ-बिबट्यांसाठी गुडघाभर उंची ठीक. पण वाघाटीचं वजन फार तर दीड किलो, ती सेन्सरच्या नजरेखालूनच निघून जाते. या बदलाची किंमत म्हणजे आता बिबट्याचे फक्त पाय येतात. जुन्नरमध्ये राहून बिबट्याचे पाय जमवणारा बहुधा मीच एकटा!

जागा मामांच्या उसाच्या कडेची: एका बाजूला ओढा, मधे दगडी बांध. बांधावर उंदीर-घुशींची बिळं भरपूर. वाटेपासून कॅमेरा दीड-दोन मीटरवर ठेवलाय. जनावर लांबून गेलं तर फोटोत ठिपका उरतो, फार जवळून गेलं तर फ्लॅशनं पांढराफटक गोळा. आमिष ठेवत नाही. कोंबडीची आतडी टाकली की फोटो मिळतो, पण मग जनावर रोज काय करतं हे कळत नाही, आणि वर त्याला वस्तीची चटक लागते.

उन्हाळ्यात डोकेदुखी रिकाम्या फ्रेम्सची. सेन्सर हालचालीबरोबर उष्णतेतला फरक टिपतो, त्यामुळे तापलेलं गवत वाऱ्यानं हललं तरी कॅमेरा चालू होतो. तोंडं उत्तर-दक्षिण केली, म्हणजे उगवता-मावळता सूर्य थेट समोर येत नाही. लेन्ससमोरच्या चार काड्या तेवढ्या काढल्या. झुडपाला हात लावला नाही, कारण त्या आडोशासाठीच तर ती इथून जाते.

आता मुख्य फोटो. रात्री अडीचच्या सुमाराचा, तोंडात उंदीर, मान किंचित खाली. इन्फ्रारेड फोटो काळा-पांढरा, त्यामुळे तांबूस ठिपक्यांचा रंग ओळखीला उपयोगी नाही. मग बाकीच्या खुणा बघायच्या: कपाळावरून मानेकडे जाणाऱ्या गडद रेघा, डोळ्यांच्या आतल्या बाजूचे पांढरे पट्टे, छोटे गोलसर कान, जवळजवळ बिनठिपक्यांची शेपूट. बिबट्या मांजराच्या (हीही एक छोटी जंगली मांजर) शेपटीवर ठिपके ठळक असतात. बाऊल, म्हणजे रानमांजर, असती तर उंच पाय आणि शेपटीच्या टोकाकडची काळी वलयं दिसली असती. आकारासाठी कॅमेरा लावतानाच वाटेवर सेंटिमीटरच्या खुणांची काठी उभी करून एक फोटो घेतो आणि काठी काढून टाकतो. त्या मापानं डोकं आणि धड मिळून पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत बसलं. गावातला बोका याहून मोठा भरतो.

ही आणि आधी आलेली एकच का, हे अजून सांगता येत नाही. आधीचा फोटो डाव्या कुशीचा, हा उजव्या. दोन्हींवरचे ठिपके वेगळे असतात, एकीवरून दुसरी जुळवता येत नाही. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत वाघांचे पट्टे जुळवून संख्येचा अंदाज काढला (निबंध 1995 चा); तिथेही नियम हाच. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे आहेत, जरा तिरके, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो.

रात्रपाळीची लाईट असते त्या आठवड्यात कॅमेऱ्याच्या कार्डावर पाणी द्यायला निघालेली माणसंच जास्त. ते फोटो न बघता पुसतो, तसं मामांना आणि शेजाऱ्यांना सांगूनच कॅमेरे लावलेत. कार्ड बदलायला दिवसाउजेडी आणि जोडीनं जातो. ज्यांना जंगलहद्दीत लावायचे आहेत त्यांनी वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. वाघाटी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे तिला सर्वात कडक संरक्षण आहे. म्हणून ती नेमकी कुठल्या शेतात दिसली हे मी विचारलं तरी कुणी मला सांगू नका, आणि फोटो टाकताना त्यातली जीपीएसची माहिती काढून टाका.

ऊसतोड सुरू व्हायच्या आत टोळीच्या मुकादमाला भेटणार आहे. आपल्या भागात उसात वाघाटीची पिल्लं सापडतात आणि बिबट्याची समजून गोंधळ उडतो. पिल्लं दिसली तर उचलायची नाहीत, तेवढी सरी सोडून तोड करायची आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करायचा. आई बहुतेक वेळा अंधार पडल्यावर येऊन त्यांना हलवते. मुकादमाला दाखवायला वाघाटीच्या आणि बिबट्याच्या पिल्लाचे शेजारी-शेजारी फोटो हवेत. कुणाकडे चांगले असतील तर पाठवा.