उड्यांच्या सायकली : आमची वाटचाल

आमचं काम सुरू झालं ते साध्या दुरुस्तीवर. पंक्चर, आऊट झालेली चाकं, घासणारे ब्रेक. पोट आजही त्यावरच भरतं, हे आधीच सांगून टाकतो. पण लोक आता आम्हाला ओळखतात ते डर्ट जंपच्या, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायच्या, हार्डटेलसाठी (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल), आणि तिथवर आम्हाला नेलं ते मोडक्या सायकलींनी.

मातीचे उंचवटे रचून उड्या मारणारी पोरं यायला लागली तेव्हा बहुतेकांकडे क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे कच्च्या वाटांवर लांब पल्ला आणि चढ मारायच्या, हार्डटेल होत्या. पुढे सस्पेन्शन, मागे नाही, टायर जाड. मग उडीला काय अडचण? अडचण आमच्या स्टँडवर टांगलेली दिसायची. डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) चाकाच्या तारांत अडकून मुरगळलेला, रिम इतकी वाकलेली की चाक फ्रेममधून फिरेना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हेडट्यूबच्या (फ्रेमची पुढची, हँडल-फोर्क धरणारी नळी) जोडापाशी रंगाखाली केसाएवढी भेग. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला अशी भेग दिसली की आम्ही ती वेल्ड करत नाही. ६०६१ सारख्या मिश्रधातूची ताकद उष्णता-प्रक्रियेतून येते. वेल्डिंगने जोडालगतचा भाग मऊ पडतो, आणि ती प्रक्रिया पुन्हा करायची सोय आमच्याकडे नाही. यावरून वाद झाले, काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. जाऊ देत.

त्या काळात आम्ही सायकलींसोबत येणाऱ्या पुस्तिका नीट वाचायला लागलो. कुणीच वाचत नाही असं ते साहित्य. त्यात बऱ्याचदा एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची वर्गवारी असते : क्रॉस-कंट्रीची सायकल तिसऱ्या वर्गात, म्हणजे साधारण ६१ सेंटीमीटरपर्यंतच्या उडीसाठी. चौथा वर्ग १२२ सेंटीमीटरपर्यंत, आणि त्यापुढचं सगळं पाचव्यात. डर्ट जंपची फ्रेम या पाचव्या वर्गातली हवी. एवढी एक ओळ दाखवली की निम्मी चर्चा संपते.

तिथून आम्ही तयार सायकली मागवण्याऐवजी फ्रेमपासून सायकल जुळवून द्यायला लागलो. कारण सरळ आहे. टायर, हँडल, पॅडल, अगदी फोर्कसुद्धा (पुढचं चाक धरणारा चिमटा) नंतर बदलता येतो. फ्रेमची मापं बदलता येत नाहीत. त्यातही आमची नजर पहिली जाते चेनस्टेवर, म्हणजे पॅडलपासून मागच्या चाकापर्यंतच्या फ्रेमच्या दांड्यावर. क्रॉस-कंट्रीला तो ४२५ ते ४४० मिलीमीटर असतो, चढावर पुढचं चाक जमिनीला धरून राहावं म्हणून. डर्ट जंपला ३८० ते ३९०च्या आसपास. मागचं चाक अंगाखाली आलं की पुढचं चाक सहज उचलतं आणि उठावाच्या (उडीआधीच्या मातीच्या चढाच्या) टोकाला पायांनी दिलेला सगळा जोर उडीत जातो. मागे सस्पेन्शन नको तेही यासाठीच. तो जोर शॉक गिळून टाकतो. स्लोपस्टाइलच्या, म्हणजे उतारावर कसरती करायच्या स्पर्धांच्या, मोठ्या उड्या मारणारे काही जण मागे थोडं सस्पेन्शन असलेल्या खास सायकली वापरतात, पण तो खेळ वेगळा आणि ते खेळाडूही वेगळे.

स्टील की अ‍ॅल्युमिनियम, हा प्रश्न रोजचा. माझा कौल ४१३० क्रोमोली या स्टीलला. वजन जास्त, मान्य. पण आपटून पोचा आला तरी ती बहुधा आधी वाकते, इशारा देते, आणि दुरुस्तही होते. माझा भागीदार अ‍ॅल्युमिनियमवाला आहे. त्याचं म्हणणं, हलकी सायकल हवेत फिरवता येते आणि नवशिक्याला तेच हवं असतं. हा वाद आमच्यात मिटलेला नाही, त्यामुळे दोन्ही फ्रेम ठेवतो.

फोर्कच्या बाबतीत मात्र एकमत आहे. १०० मिलीमीटर ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याचं अंतर, पुरे. पंप ट्रॅकच (पॅडल न मारता अंग वरखाली करून फिरायचा उंचसखल मार्ग) जास्त करणाऱ्याला आम्ही तो ८०वर उतरवून देतो. १४० मिलीमीटरचा फोर्क कुणी आग्रहाने बसवायला आणला तर आधी समजावतो : साधारण २० मिलीमीटरमागे हेड अँगल, म्हणजे हेडट्यूबचा जमिनीशी कोन, एक अंश ढिला (कमी) होतो, पुढचा भाग उचलला जातो आणि १००साठी आखलेल्या फ्रेमच्या हेडट्यूबवर जास्त ताण येतो. फोर्कमध्ये हवाही कच्च्या वाटांवर चालवणाऱ्यांपेक्षा जास्त भरावी लागते, नाहीतर उठावावरच फोर्क बसतो.

चाकं २६ इंची. बाकी माउंटन बाइक २९ आणि २७.५वर गेल्या, हा प्रकार तिथेच राहिला. लहान चाक मजबूत असतं आणि आखूड चेनस्टेत मावतं. धंद्याच्या दृष्टीने ही डोकेदुखीच आहे. चांगल्या २६ इंची रिम आणि कमी गुट्ट्यांचे, झपकन पळणारे टायर यांचे पर्याय आता फार थोडे, म्हणून मिळाले की साठवून ठेवतो. गोदामातली निम्मी जागा त्यांनी खाल्ली आहे.

गिअर नको म्हटलं की पालक बुचकळ्यात पडतात. त्यांना वाटतं आम्ही कमी माल देतोय. खरं तर मागे एकच दातेरी चकती असली की हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) दोन्ही बाजूंच्या तारा जवळपास सारख्या ताणाने बसवता येतात आणि चाक जास्त टिकतं. पुढे २५ दात, मागे ११ किंवा १२. चेन ताणायला चाक मागे सरकवावं लागतं, आणि डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरही (ब्रेकचा पकड घेणारा भाग) सोबत सरकणारी फ्रेम घ्यावी, नाहीतर दर वेळी ब्रेक नव्याने जुळवत बसावं लागतं. ब्रेक बहुतेकांना मागचाच पुरतो. हँडल गरकन फिरवायचं तर पुढच्या ब्रेकची नळी आडवी येते. शाळकरी मुलाला मात्र आम्ही सुरुवातीला पुढचा ब्रेक काढू देत नाही. ही सायकल घेऊन तो रस्त्यावरूनही जाणार असतो.

आता मापाचं. कंपन्या बहुधा दोनच मापं काढतात, आखूड आणि लांब, आणि तक्त्यात बघून निवडणाऱ्याचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून दोन्ही मापांच्या चाचणीच्या सायकली ठेवल्या. सीट गुडघ्याखाली, पॅडलवर उभं राहा, हँडल पोटाकडे ओढून बघा. पाठ न वाकवता ते जवळ आलं तर माप बरोबर. उंच माणसंही कधीकधी आखूडच पसंत करतात, कारण ती हवेत लवकर वळते. आम्ही आडकाठी करत नाही, फक्त आधी लांब मापाच्या सायकलवर एक फेरी मारायला लावतो.

या वर्षी २४ इंची चाकांची लहान फ्रेम आणतोय. पंप ट्रॅकवर येणारी मुलं दरवर्षी आणखी लहान होत चालली आहेत आणि त्यांच्यासाठी २६ इंची सायकल खाली बसवायला सीटपोस्ट (सीटची दांडी) तरी किती कापणार?